एमेरिटस हुपरीकर

कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात हुपरीकर नावाचे इतिहासाचे विभागप्रमुख होते. निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, निरोपाच्या भाषणात स्वतःच रडले, आणि सोमवारी सकाळी त्याच खोलीत त्याच खुर्चीवर येऊन बसले! वर दाराला नवी पाटी ठोकली: 'प्रोफेसर एमेरिटस'. लाज म्हणून नाही माणसाला.

नव्या प्रमुख यमुनाबाई घोरपडे, बिचाऱ्या, मुलांचे प्रबंध व्हरांड्यात उभ्यानं तपासत. महिनाभर त्यांनी सोसलं, मग भरल्या स्टाफरूममध्ये विचारलंच, "सर, खोली कधी सोडताय?"

"बाई, आधी पाटी वाचायला शिका," हुपरीकर गुरगुरले. "लॅटिन विशेषण आहे ते. पुरुषाला एमेरिटस, बाईला एमेरिटा. तुम्हाला त्याचा अर्थ काय कळणार!"

"नाहीच कळत. सांगा की."

झालं! गडी फुलला. "रोमन सैन्यात ज्यानं चाकरी इमानानं पुरी केली, त्या शिपायाला हे बिरुद मिळे."

"बिरुद मिळाल्यावर तो छावणीतच राहायचा?"

"छे! चाकरी संपल्यावर छावणीत काय काम? शस्त्रं खाली ठेवायचा अन् घरी जायचा."

"मग नव्या सरदाराच्या तंबूत ठाण मांडून बसणाऱ्याला रोमन लोक काय म्हणत, सर?"

हुपरीकर घाईघाईनं चष्मा पुसायला लागले. स्टाफरूम खदखदून हसली.

"आठवत नसेल तर राहू द्या," यमुनाबाई हात पुढे करून म्हणाल्या, "किल्ली तेवढी ठेवून जा."