राजाचा ओटा आणि काणा पारवा

वेणुतट नगरीत राजा महीधर राज्य करीत होता. त्याच्या राज्याचे अकरावे वर्ष, ऋतू हेमंत, मार्गशीर्ष वद्य पंचमी. त्या सकाळी राजाच्या ओट्यावर पहिला पारवा मेला. बोधिसत्त्व त्या काळी पारव्याच्या योनीत जन्मला होता आणि नगराबाहेरच्या कड्यावर थव्याबरोबर राहत होता.

त्याला एकच डोळा होता. थवा त्याला काणा म्हणे. त्याचा त्याला राग नव्हता. डोळा एकच होता, हे खरेच होते.

तो डोळा कसा गेला ते आधी सांगितले पाहिजे. सहा वर्षांपूर्वी कड्यावर फोडांचा रोग आला होता. पापण्यांवर, चोचीच्या मुळाशी आणि पायांवर फोड येत. त्यांवर काळी खपली धरे. डोळे मिटून जात आणि पाखरू उपाशी मरे. पारवे तेव्हा दूरदूरच्या शेतांत विखरून चरत. रोग सात जणांना झाला, दोन मेले, पाच वाचले, आणि रोग निघून गेला.

त्या पाचांत बोधिसत्त्व सर्वांत लहान. नुकते पंख फुटलेले. आईबाप ससाण्याने नेले होते. दोन्ही डोळे मिटल्यावर तो एका कपारीत पडून राहिला. वरच्या कपारीत एक पारवी राहत असे. तिला सगळे थोरली म्हणत. तिच्या घरट्यात दोन पिल्ले होती, म्हणून ती रोग्याजवळ खाली येत नसे. काठावर बसून ती एकेक दाणा खाली टाकी. दाणा खडकावर टक्क वाजे. त्या आवाजाच्या रोखाने आंधळे पिल्लू चोच मारी.

नेम चुकला की थोरली रागावे. "डावीकडे, मेल्या, डावीकडे. दाणा काय चालत तुझ्या तोंडात येणार आहे?"

एकदा त्याने विचारले, तू मला दाणे का घालतेस. ती म्हणाली, "फुकट नाही घालत. मी म्हातारी झाले की फेडशील."

एकविसाव्या दिवशी खपली गळली. उजवा डोळा उघडला. डावा गेला तो गेलाच.

पुढे राज्याच्या आठव्या वर्षी राजा महीधराला पारव्यांचा लळा लागला. त्याने वाड्यासमोर दगडी ओटा बांधला. शेजारी पाण्याची डोण ठेवली. पारव्यांनी खाल्ल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, असे व्रत त्याने धरले. रोज सूर्योदयाला तो स्वतः घंटा वाजवी आणि सुपाने दाणे ओती. सगळा थवा कड्यावरून उठून ओट्यावर येई. पंखाला पंख घासे, चोचीला चोच लागे. पारवे शेतांची वाट विसरले. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या पिल्लांना तर शेत म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते.

थव्याचा नायक नीलग्रीव. त्याची मान मोरासारखी चमके आणि ते त्याला माहीत होते. ओट्यावर त्याने एक रीत घातली. ज्यांच्या तोंडावर व्रण आहेत, त्या पाच जणांनी शेवटी खायचे. थवा त्यांना खपले म्हणे. सगळ्यांचे पोट भरले की खपल्यांनी पुढे यायचे आणि फटींत राहिलेले दाणे टिपायचे. डोणीत उरलेले गढूळ पाणी प्यायचे. थोरलीला ही रीत आवडत नसे. ती म्हातारी झाली होती, दात नसलेल्या माणसासारखी हळूहळू खाई, आणि मुद्दाम काण्यापुरते चार दाणे पायाखाली दाबून ठेवी.

असे असताना फोडांचा रोग परतला आणि ती पंचमी आली. पहिला मेला, दुसऱ्या दिवशी तीन मेले. राजाला अन्न गोड लागेना. मायेने त्याने नेमके उलटे केले. पाखरे अशक्त झाली म्हणून दाणे दुप्पट केले. थंडी बाधते म्हणून ओट्यावर छप्पर घातले. ज्यांना उडवेना त्यांना सेवकांकडून कड्यावरून आणवून ओट्याच्या मधोमध ठेवले, म्हणजे त्यांना खायला लांब जावे लागू नये. अमावास्येपर्यंत चाळीस पारवे मेले.

त्याच दिवशी थोरलीच्या पापणीवर फोड आला.

बोधिसत्त्व कपारीत बसून विचार करू लागला. मागच्या वेळी सात जणांना झाला आणि विझला. या वेळी विझत नाही. रोग तोच, कडा तोच. नवे काय आहे? नवा आहे ओटा. दुसरी गोष्ट त्याने पाहिली. खपले सर्वांच्या मागून, सर्वांचे उष्टे खातात, सर्वांचे पाणी पितात. त्यांच्यातल्या एकालाही फोड आला नाही.

त्याने बाकीच्या चौघांना बोलावून हे सांगितले. म्हणाला, ज्याला एकदा येऊन गेला त्याला तो पुन्हा धरीत नाही. रोग्यांजवळ आपणच जाऊ शकतो.

चौघांतला एक जाडा खपला हसला. "तीन वर्षे उष्टे खाल्ले. आता ते खाली पडताहेत आणि आपण उभे आहोत. गप्प बस, काण्या. महिन्याभरात ओटा आपला."

बोधिसत्त्व म्हणाला, "ओटा आपला होईल. वरून दाणा टाकणारे कोणी उरणार नाही."

जाडा खपला त्याच्या शेजारी येऊन बसला. त्यालाही लहानपणी कोणीतरी दाणे घातले होते.

मग बोधिसत्त्व नीलग्रीवाकडे गेला आणि थव्याने ओटा सोडून शेतांत विखरावे, असे सांगितले. नीलग्रीवाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणाला, "राजाचा दाणा सोडून ढेकळे उकरायची? तुला शेवटी बसवतात म्हणून आम्हाला उठवतोस होय." थवा हसला. नीलग्रीवाच्या चोचीच्या मुळाशी तेव्हा मोहरीएवढा फोड होता. तो अजून कोणाला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजाने घंटा वाजवली, तेव्हा बोधिसत्त्व दाण्यांवर उतरला नाही. तो राजाच्या मनगटावर बसला. त्या काळी राजांना पाखरांचे बोलणे समजत असे.

"महाराज, ही घंटा थांबवा. ओटा ओस पडू द्या."

राजा म्हणाला, "ही उपाशी मरतील."

"मरताहेत ती उपाशी नाहीत. त्यांची पोटे भरलेली आहेत. तुम्ही त्यांना एका ताटात जेवू घालता आणि रोगही त्याच ताटात जेवतो."

राजाने ओट्याकडे पाहिले. मधोमध आंधळी पाखरे होती आणि निरोगी त्यांच्या अंगावरून दाणे टिपत होती. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "हे मीच केले."

"मायेने केलेत," बोधिसत्त्व म्हणाला. "आता तीच माया जरा लांब फेका."

राजाने विचारले की माझ्या व्रताचे काय. पारव्यांनी खाल्ल्यावाचून मी जेवत नाही. बोधिसत्त्वाने उपाय सांगितला. रोज नव्या शेतात जायचे आणि पेरणी करावी तसे हात फिरवून दाणे विखरायचे, म्हणजे दोन चोची एका जागी येणार नाहीत. पाणी पाखरे वाहत्या नदीचे पितील. जी उडू शकत नाहीत ती कड्यावर आपापल्या कपारीत राहतील. त्यांना आम्ही पाच जण दाणे घालू.

राजा प्रसन्न झाला. त्याने बोधिसत्त्वाला वाड्यात राहायला सांगितले, खिडकीत सोन्याची दांडी आणि जन्मभर साळीचे दाणे देऊ केले. बोधिसत्त्व म्हणाला की माझे एक माणूस आजारी आहे. मला जायला हवे. आणि तो उडाला.

घंटा थांबली. डोण पालथी केली. राजा रोज सकाळी झोळी घेऊन शेते तुडवू लागला. तो जिकडे जाई तिकडे थवा विखरून उतरे. आधी पिल्लांना ढेकळांत दाणा सापडेना. मग म्हाताऱ्यांनी शिकवले. राजाला जेवायला दुपार होई. राणी म्हणे, पारव्यांचे फोड गेले की नाही ते ठाऊक नाही, महाराजांचे पोट मात्र गेले. राजा हसे आणि दुसऱ्या दिवशी आणखी लांबच्या शेतात जाई.

कड्यावर पाच खपले कपारीकपारीत दाणे पोचवीत. नीलग्रीवाचे दोन्ही डोळे मिटले होते. त्याच्या वाट्याला जाडा खपला आला. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "उघड तोंड, मोरा. आता तूही खपला, पण शेवटी नाहीस." नीलग्रीवाने तोंड उघडले. पुढे बरा झाल्यावर खपल्यांनी शेवटी खायची ती रीत त्याने स्वतःच मोडली.

माघ लागला तेव्हा नवा रोगी निघेनासा झाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात भोजनाच्या वेळी सांगितली. तोंडावर देवीचे व्रण असलेल्या भिक्षू खेमकाला इतरांनी पंगतीच्या टोकाला बसवले होते, म्हणून सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी जन्मांचा मेळ घातला. तेव्हाचा राजा म्हणजे रोज सढळ हाताने दान देणारा हा गृहपती पूर्णक. नीलग्रीव म्हणजे ज्याने पंगत लावली तो भिक्षू सुरूप. जाडा खपला म्हणजे टोकाला बसलेला खेमक. थोरली म्हणजे भिक्षूंसाठी रोज पेज घेऊन येणारी आणि ती सांडली की रागावणारी ही वृद्ध उपासिका भद्रिका. आणि ते म्हणाले, काणा पारवा मी होतो. जे दुःख स्वतः भोगून झाले, त्याच्याजवळ दुसऱ्यासाठी पुन्हा जाणे, याला करुणा म्हणतात.

सुरूप उठला आणि खेमकाच्याही पलीकडे, पंगतीच्या अगदी शेवटी जाऊन बसला.

पण दाराशी उभी असलेली भद्रिका तिथून हलेना. ती म्हणाली की त्या थोरलीचे काय झाले ते सांगायचे राहिले.

शास्ते म्हणाले, तेही ऐक. काणा रोज तिच्या कपारीत जाई. वरून टाकीत नसे. जवळ बसून दाणा तिच्या चोचीत ठेवी. ती म्हणे, जरा भिजवून आणत जा, गाढवा, कडक लागतो. तो नदीवर जाऊन भिजवून आणी. एकविसाव्या दिवशी सकाळी तिच्या पापणीची खपली गळली. तिने डोळा उघडला, काण्याकडे पाहिले, आणि शेवटचा दाणा आपण होऊन त्याच्या चोचीतून घेतला.

"फिटले हो," ती म्हणाली, आणि उडाली.