अकरापैकी अकरा

नदीकाठच्या एका शहरात भूपाल मगदूम नावाचा एक बातमीदार राहत होता. त्या शहराला फुटबॉलचं वेड होतं. मोठा सामना असला की दुकानांची शटरं दुपारीच खाली यायची आणि सगळं गाव मैदानाकडे लोटायचं. भूपाल तीस वर्षं त्या सामन्यांच्या बातम्या लिहीत होता.

दर वर्षी हंगाम संपला की शहरातले अकरा क्रीडा बातमीदार गुप्त मतदान करायचे आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायचे. त्याला चांदीचा चेंडू मिळायचा. ज्याच्या घरी तो चेंडू जाई, त्याला रस्त्यात म्हातारी माणसंसुद्धा थांबून नमस्कार करत.

त्या वर्षी चेंडू कुणाचा, याबद्दल गावात दुमत नव्हतं. ज्योतिराम डवरी हा फौंड्रीत ओतकाम करणारा गडी. दिवसभर भट्टीपुढे उभा राहायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. ज्या संघाला कुणी विचारत नव्हतं, तो त्याचा संघ या गड्याच्या बचावामुळे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. उपांत्य सामन्यात त्याची भुवई फुटली. पट्टी बांधून तो पुन्हा मैदानात उतरला आणि शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू परतवला.

दुसरं नाव होतं संग्रामचं. साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांचा हा पुतण्या. तो निम्मे सामने खेळलाच नव्हता. पण शहरातली सगळी वर्तमानपत्रं आबासाहेबांच्या जाहिरातींवर जगत होती.

भूपाल मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना टेबलावर हात आपटून सांगायचा, “या वर्षी चेंडू ज्योतिरामला गेला नाही, तर आपण सगळ्यांनी पेनं मोडून नदीत टाकावीत!” ज्योतिराम तिथेच बसलेला असला, तर लाजून खाली बघायचा.

मतदानाच्या आठवड्यात आबासाहेबांनी अकराही जणांना मळ्यावर जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा होता, पांढरा रस्सा होता. भूपाल मटण खात नसे, म्हणून त्याच्यासाठी वेगळी पुरणपोळी केली होती. आबासाहेब कुणाला काही मागितल्यासारखं बोलले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, “संग्रामकडं लक्ष असू द्या. पोरगं गुणी आहे.” अकराही माना डोलल्या.

परतताना भूपाल नुसता धुमसत होता. गाडीत शेजारी बसलेल्या कुरणे नावाच्या बातमीदाराला तो म्हणाला, “बघितलंत? एका जेवणात सगळे विकले गेले. थुंकावंसं वाटतं यांच्या तोंडावर.”

“अगदी खरं,” कुरणे म्हणाले. “मलाही तसंच वाटतं.”

मतदानाच्या दिवशी भूपालच्या हातात कोरी चिठ्ठी आली. त्यानं पेन उघडलं. आणि पेन तसंच राहिलं. दहा जण तर संग्रामलाच देणार. मग माझ्या एका मतानं ज्योतिराम थोडाच निवडून येणार? उलट एकच मत वेगळं पडलं, तर ते कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको. वर्षभर सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो आहे. उद्या जाहिराती बंद झाल्या, तर संपादक कुणाला घरी बसवतील? त्यानं ‘संग्राम’ लिहिलं आणि चिठ्ठी पेटीत टाकली. लिहितानाही त्याला राग आला होता. पण तो स्वतःचा नव्हे, त्या दहा जणांचा. त्यांनीच आपल्यावर ही वेळ आणली, असं त्याला वाटत होतं.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. ज्योतिराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सोबत म्हातारी आई होती. दोघं मागच्या रांगेत बसली. सूत्रसंचालकानं अभिमानानं आवाज चढवला, “सर्वोत्तम खेळाडू, संग्राम! अकरापैकी अकरा मतं!”

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. भूपाल ताडकन उभा राहिला. वर्षभराचा राग त्याच्या तोंडून बाहेर पडला. समोर बसलेल्या बातमीदारांकडे बोट दाखवून तो ओरडला, “लाज वाटते का तुम्हाला? एकानं तरी खरं मत द्यायचं होतं!”

कुरण्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते खालच्या आवाजात म्हणाले, “अकरा पडलीत, भूपालराव. आपण अकराच आहोत.”

भूपालचं बोट हवेतच राहिलं. त्यानं एकेकाचा चेहरा पाहिला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. आणि सगळ्यांना एकाच वेळी कळलं, की या अकरांत एकालाही संग्राम श्रेष्ठ वाटत नव्हता. प्रत्येकानं बाकीचे दहा विकले गेले असं धरलं होतं, त्यांच्यावर मनातल्या मनात दात ओठ खाल्ले होते, आणि तेच नाव लिहिलं होतं.

ज्योतिराम मागून चालत पुढे आला.

“चेंडू मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, मगदूमकाका,” तो म्हणाला. “पण आईला म्हटलं होतं, एक मत नक्की पडंल. तुमचं. तेवढं ऐकायला तिला आणली होती.”

“अरे, माझ्या एकट्याच्या मतानं काय झालं असतं?”

“त्याची दहा झाली असती. अकरा नाही.” ज्योतिरामचा आवाज चढला. “एक मत घेऊन हरलो असतो तर चाललं असतं. तुम्ही तर लिहून दिलंत, की मी कुणाला दिसलोच नाही!”

त्यानं आईचा हात धरला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भूपालनं खरं काय ते लिहून संपादकांना दिलं. संपादकांनी ते छापायला नकार दिला. तेव्हा तो खडू घेऊन मैदानावर गेला आणि जिथे सामन्यांचे निकाल लिहीत, त्या काळ्या फळ्यावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ज्योतिराम डवरी. मी भ्यालो आणि खोटं मत दिलं. भूपाल मगदूम.’ दुपारी त्याखाली कुरण्यांनी आपलं नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी लिहिलं. बाकीचे सात जण तिकडे फिरकलेही नाहीत.

त्या आठवड्यात भूपालची नोकरी गेली. ज्याला तो भीत होता, ते झालंच. चांदीचा चेंडू संग्रामच्याच घरी राहिला. ज्योतिरामनं फळा वाचला, पण भूपालशी तो बोलला नाही. नव्या हंगामात तो मैदानात उतरला, तेव्हा तिकीट काढून आलेल्या भूपालनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्योतिरामनं तिकडे पाहिलं नाही.

तात्पर्य: चारचौघांत गरजणारा आणि एकटं पडायची वेळ आली की गप्प बसणारा राग अन्यायाच्याच कामी येतो. बाकीचे काय करतील याचा हिशेब न करता आपलं एक मत खरं द्यावं. ते जिंकणार नसलं, तरी द्यावं.