चोच मावेल एवढी फट

वेणुकाच्या कानात लहानपणापासून एक आवाज राहिला होता. लोहारशाळेतल्या भात्याचा. बाप ऐरणीवर घाव घालायचा आणि मोठी बहीण गोमती भाता ओढायची. भाता भरताना हूं करायचा, रिकामा होताना सूं करायचा. आई नसलेल्या त्या पोराला त्या आवाजावरच झोप लागायची.

त्या काळी अश्मकांच्या पोतली नगरात वरुण नावाचा राजा राज्य करीत होता. नगराच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या दाट रानात, बोधिसत्त्व धनेश पक्ष्यांच्या कुळात जन्माला आला होता. गिधाडाएवढे अंग, पिवळी बाकदार चोच, चोचीवर शिंगासारखा टोप आणि गुंजेसारखे लाल डोळे. तो झाडांच्या शेंड्यांवरून जाऊ लागला की खालची माणसे हातातले काम थांबवून वर बघत.

वेणुक मोठा झाला तेव्हा ऐरण सोडून तापस झाला आणि त्याच रानातल्या एका गुहेत राहू लागला. गोमतीने त्याला अडवले नाही. पायथ्याच्या गावात तिचे सासर होते. ती रोज सकाळी पेजेचे मडके घेऊन चढून येई, गुहेच्या दाराशी ठेवी आणि कालचे रिकामे मडके घेऊन जाई.

तिथल्या तापसांची एक रीत होती. ज्याला मोठे ध्यान साधायचे असेल तो गुहेचे तोंड दगडमातीने लिंपून घेई आणि आत बसे. भिंतीत पेजेपुरते एक भोक ठेवीत. वेणुकाने भिंत घालायला सुरुवात केली, पण त्याला वाटले, भोक ठेवले म्हणजे अर्धे घर बरोबर आणले.

भिंत छातीपर्यंत आली त्या दिवशी गोमतीने विचारले, "वेणू, भोक कुठं ठेवलंस?"

"ठेवणार नाही, अक्का. आत झरा पाझरतो. थोडे कंद आहेत."

"ते संपल्यावर?"

"पुढं तपाचं बळ."

"बापाचा घण उचलवत नव्हता, तेव्हाही तू असाच बळाच्या गोष्टी सांगायचास."

वेणुक हसला नाही. तो म्हणाला, "तू चढावर असतेस तेव्हापासून तुझी पावलं मला ऐकू येतात. मन तिकडं जातं. ध्यान मोडतं."

गोमती रिकामे मडके हातात फिरवत राहिली. भाऊ आत उपाशी मरेल हे तिला दिसत होते, आणि त्याला सांगून उपयोग नाही हेही दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "भिंत पुरी होईतो मी इथंच बसते. मग जाते."

वेणुक माती आणायला ओढ्यावर गेला. चिकणमातीचा गोळा उचलतो तोच डोक्यावरून आवाज आला. हूं. सूं. हूं. सूं. क्षणभर त्याला वाटले, इथे रानात भाता कोण ओढते आहे?

वर बोधिसत्त्व होता. तो पाण्याकाठी उतरला, चोचीत माती घेतली आणि पुन्हा त्याच आवाजाने उडाला. वेणुक आपली माती विसरून त्याच्या मागे गेला. पुढे एक प्रचंड बेहड्याचे झाड होते. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली होती, आणि ढोलीचे तोंड मातीने बंद केलेले होते. मधे एक उभी, अरुंद फट तेवढी होती. बोधिसत्त्वाने माती फटीशी धरली. आतून दुसरी चोच आली आणि माती घेऊन मागे सरली.

वेणुक मनात म्हणाला, 'या नराने आपल्या मादीला कोंडून ठेवले आहे. हेच ते नात्याचे बंधन. मी हिला सोडवीन.'

बोधिसत्त्व उंबराकडे उडून जाताच वेणुक वेलींना धरून झाडावर चढला. कमरेचा कोयता काढून त्याने मातीचे लिंपण फोडले. ते दगडासारखे कठीण झाले होते, तरी लोहाराच्या पोराचे घाव नेमके बसत होते. लिंपण ढासळले. उजेड आत गेला.

"जा," वेणुक म्हणाला. "तू मोकळी आहेस."

मादी गेली नाही. ती मागच्या भिंतीला चिकटून बसली होती. तिच्या पंखांची मोठी पिसे झडून ढोलीतच पडली होती. उडण्यासारखे तिच्याजवळ काही उरले नव्हते. पोटाशी एक उघडे पिल्लू होते, अजून डोळे न उघडलेले.

वेणुकाच्या हातातला कोयता खाली गेला. रानात घारी होत्या, घोरपडी होत्या, झाडांवर चढणारी रानमांजरे होती. आपण काय केले ते त्याला कळले, आणि त्याच वेळी मागून भात्याचा आवाज आला.

बोधिसत्त्व फांदीवर उतरला. त्या चोचीने माणसाचा डोळा सहज फुटला असता. वेणुकाने तोंड लपवले नाही. जे व्हायचे ते होऊ दे म्हणून तो खोडाला धरून राहिला.

बोधिसत्त्वाने आधी मादीकडे पाहिले, मग पिल्लाकडे. गळ्यात साठवून आणलेली उंबरे एकेक करून वर काढली आणि मादीला दिली. शेवटचे उंबर त्याने वेणुकाच्या तळहातावर ठेवले.

"तापसा, चढून दमला असशील," तो म्हणाला. "हे खा. मग माती आण. माझी चोच लहान आहे, आणि सूर्य थांबणार नाही."

वेणुकाने उंबर खाल्ले. तो उतरला, ओढ्यावर गेला, उपरण्यात माती बांधून घेऊन आला. असे त्याने दुपारभर केले. तो बाहेरून माती लावी, मादी आतून चोचीने थापून ती घट्ट करी. आपल्या हातून उरलेसुरले पाप फिटावे म्हणून वेणुकाने मधली फटही लिंपली.

आतून चोच आली आणि फट मोकळी झाली.

त्याने पुन्हा लिंपली. चोच पुन्हा आली.

"बुवा," मादी आतून म्हणाली, "भिंत माझी आहे. मीच आत शिरले, मीच ती लिंपली. एवढी फट मात्र राहू दे. नाहीतर पोर काय खाईल? तुझं व्रत?"

वेणुक खजील झाला. त्याने बोधिसत्त्वाला विचारले, "पक्षिराजा, ती एकांतात बसली आहे आणि तू रोज येतोस. मग तिचा एकांत मोडत नाही?"

"मी आत जात नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तिला बाहेर बोलावत नाही. तिला जुनी पिसं टाकायची असतात, नवी यायची असतात. ते काम तिचं तिलाच, अंधारात करायचं असतं. माझं काम फटीपर्यंत. पिसं आली की भिंत ती स्वतः फोडते. मी फोडली असती, तर ती कधीच उडाली नसती."

वेणुकाने हात जोडले. समोर झाड होते, झाडात भिंत होती आणि भिंतीत चोच मावेल एवढी फट. एवढेच पाहून त्याला वाटले, आपण एवढी वर्षे डोळे मिटून जे शोधत होतो ते इथे उन्हात उघडे आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

तो गुहेपाशी आला तेव्हा उन्हे उतरली होती. गोमती तिथेच बसली होती. त्याचे मातीने भरलेले हात तिने पाहिले. वेणुक माती घेऊन आत गेला आणि उरलेली भिंत त्याने आतून घातली. अगदी शेवटी, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, त्याने एक भोक ठेवले.

"अक्का," तो आतून म्हणाला, "उद्या पेज पातळ आण. कालची फार घट्ट होती."

"खाणाऱ्याने बोलू नये," गोमती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून गाव गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी चढावर तिची पावले वाजली. वेणुकाचे मन नेहमीसारखे तिकडे गेले. पण या वेळी त्याने ते ओढून धरले नाही. ते पावलांपर्यंत गेले, नमस्कार करून परत आले आणि पूर्वी कधी बसले नव्हते इतके स्थिर बसले. त्या अंधारात त्याला ध्यान लाभले. पुढे एके दिवशी त्याने ती भिंत आतून स्वतःच्या हाताने फोडली. त्या वेळी बेहड्याच्या वरून तीन धनेश चालले होते, आणि सगळे रान त्यांच्या पंखांनी श्वास घेत होते.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सुयाम नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. सुयामाची बहीण सामा दूरच्या गावाहून आली होती. सकाळपासून ती विहाराच्या दाराशी मडके घेऊन उभी होती, आणि आपले ध्यान मोडेल म्हणून सुयामाने तिला भेटायचे नाकारले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वेणुक म्हणजे आजचा सुयाम. गोमती म्हणजे दाराशी उभी असलेली सामा. ढोलीतली मादी ही आजची ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी वारणा, आणि तो धनेश मीच होतो. दुसऱ्याची भिंत फोडायची नाही, आणि तिच्या फटीशी जायला चुकायचे नाही, ही मैत्री. त्या जन्मी मी मैत्री ही पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारी साधना, पूर्ण केली."

सुयाम उठला. त्याने शास्त्यांना वंदन केले, आपले पात्र उचलले आणि दाराकडे चालू लागला.