मधमाश्यांची फुलमाळ

भाविकहो, दूर युरोपात, बर्फाच्या डोंगरांच्या कुशीतल्या एका खेड्यात तोबियासबाबांची झोपडी होती. गाव चिमुकलं, दफनभूमी त्याहून चिमुकली. म्हणून दहा वर्षं झाली की पुरलेल्यांना वर काढत, अस्थी धुऊन उन्हात वाळवत, कवटीच्या कपाळावर नाव आणि फुलमाळ रंगवत आणि चर्चशेजारच्या अस्थिघरात मांडून ठेवत. बिननावाची कवटी मात्र तळघरातल्या खड्ड्यात जाई.

त्या उन्हाळ्यात आगाथाच्या नवऱ्याची, योस्टची पाळी आली. बिचारी दहा वर्षं याच दिवसाची वाट पाहत होती. गावाच्या अस्थी धुऊन पोट भरणाऱ्या त्या विधवेने आज आपल्या माणसाला लेकरासारखं न्हाऊ घातलं आणि त्या वर्षी वर काढलेल्या इतर दोघांसोबत भिंतीवर उन्हात ठेवलं.

दुपारी पावसाची सर आली. नावं रंगवणारा कास्पर धावला, तिन्ही कवट्या एकाच टोपलीत भरल्या आणि कुणाची कुठली ते विसरून बसला! चूक त्याची, पण तोरा काही उतरेना.

"आगाथाबाई, ओळखा आता तुमचा नवरा!" तो हसला. "नाहीतर खड्डा आहेच. गरिबाला फुलमाळ हवीच कशाला?"

आगाथाने एकेक कवटी हातात घेतली. ज्या कपाळावरून हजारदा हात फिरवला होता, ते तिला ओळखू येईना. ती रडत बाबांकडे गेली.

बाबा लगेच आले. म्हणाले, "योस्ट मधमाश्या पाळायचा ना? त्याला जेवायला बोलवायचीस, तशीच हाक मार."

"योस्ट, रस्सा निवतोय. ये की आता!"

पाऊस थांबला होता. झोपेत ऐकू यावी तशी एक गुणगुण उतारावरून आली. योस्टच्याच माश्या त्या! एका कवटीच्या कपाळावर त्या एकीला एक लागून उतरल्या आणि हुबेहूब फुलमाळ झाली. काय त्या दयाघनाची लीला! आगाथाला त्याच्या सदऱ्याचा मधाळ वास आला.

तेव्हा कुठे कास्पर भानावर आला. "बाबा," तो चाचरला, "उरलेल्या दोघांत माझी आई आहे."

"मग तूही हाक मार."

त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आईला शेवटची हाक कधी मारली, तेच त्याला आठवेना. अखेर आगाथाच पुढे झाली.

"ओटिलियाबाई, तुमचा कास्पर आलाय हो."

माळेतली एक माशी उठली आणि उरलेल्या दोन कवट्यांपैकी एकीवर जाऊन बसली.

कास्पर बाबांच्या पायांवर वाकला. बाबा हळूच बाजूला सरले, आणि त्याचं मस्तक टेकलं ते आगाथाच्या भेगाळलेल्या पायांवर.