सैल सोडलेला दोर

पूर्वी शिलावती नगरीत अरिमर्दन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. कड्यावरून दोराने उतरायचे, आग्या मोहोळाची पोळी कापायची आणि कातडी बुधल्यात मध भरून वर यायचे, हे त्या कुळाचे काम.

कामाचे नियम कडक होते. दोर धरायचा तो बायकोच्या भावानेच. आपल्या बहिणीला विधवा करायला कोणता भाऊ धजेल, असा त्यामागचा विचार. दोर खाली गेला की परत वर येईपर्यंत कुणी अक्षर बोलायचे नाही, कारण माणसाच्या आवाजाने माश्या उठतात. बोलायचे ते दोराच्या हिसक्यांनी. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे ओढ. बायकोने दरीपलीकडच्या उतारावर बसायचे, पण कड्याकडे पाठ करून. तिची नजर दोराला लागते, असे जुने लोक मानत. आणि माणूस वर ओढताना जो दोर सैल सोडील तो खुनी. त्याच्या चुलीपाशी पुन्हा कुणी बसत नसे.

सोमिलाच्या बायकोचे नाव उप्पला. तिचा थोरला भाऊ तापाने गेला, तेव्हा दोर धाकट्या खेमकाच्या हाती आला. खेमक अंगाने दांडगा होता, पण मनाने भित्रा.

सोमिलाची एक सवय होती. काही अडले की तो आधी हात काढून घेई आणि विचारी, "कुठं अडलं?" कणगीचे झाकण बसत नसो, वासरू पीत नसो, वेलांचा गुंता सुटत नसो, प्रश्न तोच. खेमक झाकणावर बुक्क्या मारी. सोमिल त्याला थांबवी आणि झाकणाखालची काडी त्यालाच शोधायला लावी. खेमकाला याचा राग येई. एक बुक्की मारून काम झाले असते, असे तो बहिणीजवळ कुरकुरे.

मधाचा हंगाम आला. सगळे कड्यावर जमले. धुरी पेटवणारा म्हातारा धूमक कुळात वडील. त्याने खेमकाच्या तोंडाकडे पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सोमिला, तुझ्या मेव्हण्याला आत्ताच कापरं भरलंय. याच्या हातात जीव देतोस?"

"भिणारा दोर सोडत नाही, काका," सोमिल हसून म्हणाला. "बेफिकीर असतो तो सोडतो."

उप्पला पलीकडे जायला निघाली. जाताना भावाजवळ थांबली. "माझी पाठ असेल. माझ्या वाटचं तू बघ."

खेमकाने मान हलवली. पण बघायचे काय, हे त्याला उमगेना. कड्याची कड पुढे झुकलेली होती. तिच्याखालचे काहीच वरून दिसत नसे.

सोमिल उतरला. धूर दरीत पसरला. माश्यांची घरघर वाढली आणि थोड्या वेळाने बसली. मग दोन हिसके आले. खेमक ओढू लागला. दोर सरसर वर येत होता, आणि एकाएकी थांबला.

त्याने जोर लावला. दोर हलेना. पाय रोवून पुन्हा जोर लावला. कडेवर दोरातले अंबाडीचे तंतू उभे राहिले, आणि त्याच्या तीन पदरांपैकी एक तटकन तुटला.

 खेमकाने विचारणा म्हणून खाली एक हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. धूमकाने दोन्ही तळवे आकाशाकडे उलटे केले. माणूस गेला, निदान शुद्धीवर नाही, असा त्याचा अर्थ. त्याने चार गड्यांना खूण केली. नियम मोडून गड्यांनी दोराला हात घातला. सगळ्यांनी मिळून ओढले. दुसरा पदर उसवू लागला.

आता एकच धड पदर उरला होता.  खेमकाला ओरडावेसे वाटत होते, आणि ओरडणे म्हणजे दाजींना माश्यांच्या तोंडी देणे. त्याचे हात ओढतच होते. भीती अशीच असते, ती हातांना थांबू देत नाही.

मग त्याला इतकेच जाणवले की कुठे अडले आहे, हे अजून कुणीच विचारलेले नाही.

त्याने खांद्याच्या धक्क्याने गड्यांना बाजूला सारले आणि ताणलेल्या दोरावर तळहात ठेवला. माणूस लोंबत असला की दोर थरथरतो. हा दोर दगडात ठोकलेल्या खुंटीसारखा निश्चल होता. म्हणजे तो मधेच कपारीत चिमटला होता. म्हणूनच हिसका खाली जात नव्हता आणि खालचा वर येत नव्हता. ओढले की कपार त्याला आणखी घट्ट धरत होती.

हे खरे की खोटे, ते पाहायचा एकच मार्ग होता. खेमकाने वीतभर दोर सैल सोडला.

धूमकाचे हात त्याच्या गळ्यावर आले. म्हाताऱ्याच्या बोटांत बळ होते. खेमकाने दोर टाकला नाही, झटापट केली नाही. नुसते बोट दाखवले. सैल सोडलेला दोर जिथल्या तिथे पडून होता. खालच्या वजनाने तो ओढून नेला नव्हता. धूमकाने पाहिले. त्याची पकड हळूहळू सुटली.

कपार कुठे, डावीकडे की उजवीकडे, हे मात्र वरून कळणार नव्हते. ते एकाच जागेवरून दिसत होते, आणि त्या जागेवर बसलेल्या बाईला पाहायची बंदी होती.

खेमकाने कमरेचा कोयता काढला आणि त्याचे पाते उन्हात धरले. पलीकडे उप्पलेच्या समोरच्या खडकावर कवडसा नाचला. ती हलली नाही. कवडसा तिच्या बाजूला टेकलेल्या हातावर आला. खेमक तो पुन्हा पुन्हा हलवत राहिला. तिने तो पाहिला, आणि उठून वळली.

धूमकाने डोळे मिटून घेतले.

उप्पलेने तोंडावर हात दाबला. मग तोच हात काढून तिने लांब केला आणि खेमकाच्या डावीकडे, ओढ्याच्या बाजूला दाखवला. खेमक त्या बाजूला सरकू लागला. सरकताना त्याने आणखी दोर सोडला. तेवढ्यात दरीत काहीतरी धाडकन आदळले. माश्या खवळून उठल्या. एका गड्याने कपाळावर हात मारला.

 खेमकाने खाली पाहण्याऐवजी बहिणीकडे पाहिले. ती कोसळली नव्हती. तिचा हात अजून तसाच लांब होता.

ती थांब म्हणून खूण करेपर्यंत तो सरकला आणि दोराला आडवा झोल दिला. दोर कपारीतून निसटला. त्यावर हळूच वजन आले, जिवंत, थरथरणारे. मग दोन हिसके. उसवलेला पदर कडेवरून वर येईपर्यंत खेमकाने दोर बोटाबोटाने ओढला.

सोमिल वर आला तेव्हा त्याचे तोंड डंखांनी सुजले होते. मधाचा बुधला नव्हता. मघाशी दरीत आदळला तो तोच. कुळाचा त्या दिवसाचा सगळा मध त्यात गेला, याचे त्याने दुःख केले नाही.

खेमक त्याच्या पायांशी बसून रडू लागला. "दाजी, मी दोर सैल सोडला. तुम्हाला भीती वाटली असेल."

"वाटली," सोमिल म्हणाला. "पण तू ओढत होतास तेव्हा जास्त वाटत होती."

मग त्याने सांगितले. वर ओढाओढ चालली होती तोवर दोर कोणत्या क्षणी सुटेल याचा नेम नव्हता, म्हणून खोबणीत पाय रोवायला तो धजत नव्हता. दोर एकाएकी सुटता तर हिसक्याने तो दरीत गेला असता. कपारीवरून दोराचा झोल खाली लोंबताना दिसला, तेव्हा वर कुणीतरी विचार करते आहे, हे त्याला कळले. मग त्याने खोबणीत पाय रोवले, बुधला कापून टाकला आणि दोर हलका केला.

उप्पला दरीला वळसा घालून धावत आली. धूमक तिला म्हणाला, "पुढच्या खेपेला तोंड कड्याकडे करून बस, पोरी."

पुढे कैक जन्मांनंतर एक भिक्षू एका गाथेवर अडला होता. अर्थ कळेना म्हणून तो तीच गाथा अधिकाधिक मोठ्याने घोकत होता, आणि एक थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, त्याला आणखी जोराने घोकायला सांगत होते. त्या दोघांना जवळ बसवून त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही हकिगत सांगितली. मग तो म्हणाला, "भिक्षूंनो, धूमक म्हणजे हे थेर. उप्पला आज भिक्षुणीसंघात आहे. खेमक हाच, जो आज गाथेशी झटतो आहे. आणि दोराच्या खालच्या टोकाला मी होतो."

भिक्षूने मान खाली घातली. मग घोकणे थांबवून त्याने विचारले, "गाथेतला हा एक शब्द मला कळत नाही, याचा अर्थ काय?"

भय असतानाही हात आवरून पाहते, ती प्रज्ञा. ही कथा त्या प्रज्ञापारमितेची, म्हणजे प्रज्ञेच्या पूर्णतेची.