डाव्या पायाचे माप

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात एकदा एक म्हातारी शिंपीण राहत होती. मागावरच्या जाड कापडातून ती ज्याच्या त्याच्या पायाबरहुकूम मोजे शिवून देई. तिच्या हाताखाली एक शिष्या होती. हाताने सफाईदार, स्वभावाने अदबशीर.

एक व्यापारी आला. घाट पायी उतरून त्याला लेकीच्या सासरी जायचे होते. गाडीखाली सापडून त्याचा डावा पाय वाकडा आणि बधिर झाला होता. गेल्या हिवाळ्यात मोज्याची एक चुणी त्या पायाला घासत राहिली, त्याला पत्ताही लागला नाही, आणि जखम चिघळून करंगळी गेली. पुन्हा तसे झाले तर पाऊलच जाईल, असे वैद्याने बजावले होते. हे सारे त्याने आल्या आल्या दोघींना सांगितले.

शिष्येने माप मागितले. त्याने उजवा पाय पुढे केला, डावा धोतराखाली ओढून घेतला. बिचाऱ्याला कशाला ओशाळे करा, म्हणून तिने उजव्याच्याच मापावर दोन्ही मोजे बेतले. मोजे देखणे झाले.

व्यापारी ते न्यायला आला तेव्हा म्हातारीने दारातल्या त्याच्या वहाणा पाहिल्या. डावी एकाच कडेला झिजली होती. तिने डाव्या मोज्यात हात घालून पाहिला आणि कात्री घेऊन तो टाचेपासून बोटांपर्यंत उभा चिरला.

शिष्येचे डोळे भरून आले. त्यांना लाज वाटू नये म्हणून आपण तसे केले, असे ती पुटपुटली.

"त्यांची लाज राखलीस आणि पाय घालवत होतीस," म्हातारी म्हणाली. "सुयांवर विणलेला मोजा ताणला जातो, आपली चूक पोटात घालतो. हे कापड तसलं नाही. करंगळीच्या रिकाम्या जागी ते दुमडणार, म्हणजे दुमडणारच. माणसाचं दुखरं अंग बघायचं टाळायचं आणि वर त्याला सभ्यपणा म्हणायचं! दया येते ना? मग आधी नीट बघ." मग ती व्यापाऱ्याकडे वळली. "आणि शेटजी, वैद्याला दाखवलात तो पाय शिंपिणीपासून कशाला लपवता? उभे राहा. भार टाका त्याच्यावर."

व्यापाऱ्याने हळूच धोतर वर घेतले. शिष्या गुडघ्यांवर बसली. मापाचा दोरा पायाला कुठे टेकतो ते त्याला कळत नव्हते, म्हणून ती सांगू लागली: इथे हाड वर आलंय, इथे कापड उतरतं घ्यायचं, इथे शिवण नको.

आणि इतके दिवस त्या पायाकडे न पाहिलेला व्यापारी, ती काय दाखवते आहे ते पाहायला, खाली वाकला.