झोळीतली दुसरी बॅटरी

“आणि झोळीत दुसरी?” गोसावीबाबांनी विचारलं.

केरबाने हातातली बॅटरी उघडझाप करून दाखवली. “ही आहे की, बाबा. सेल कालच घातलेत. विझायची नाही.”

“विझेपर्यंत कुठलीच विझत नाही, लेका.”

देवाच्या गुहेत दिवा किंवा पलिता न्यायचा नाही, अशी तिथली रीत होती. धुरानं वटवाघळं बिथरतात. म्हणून आत जायचं ते बॅटरी घेऊनच. लोकांना नेणाऱ्याजवळ मात्र दोन हव्यात, असा बाबांचा हट्ट. त्या हट्टापायी केरबाला अजून एकट्यानं कुणाला आत न्यायला मिळालं नव्हतं.

“मी तर डोळे मिटून जाऊन येईन,” तो म्हणाला.

“तू येशील रे. तुझ्या मागचे?”



पुढच्या बाजाराला केरबाने दुसरी बॅटरी आणली. बाबांनी ती लावून पाहिली, विझवली आणि दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या ठकूबाईला त्याच्या हवाली केलं.

“नीट ने, नीट आण. मग उद्याची मंडळीही तुझीच.”

दिवस कलताना केरबा परत आला. मान खाली.

“म्हातारी?”

“घरी गेली. दर्शन झाक झालं म्हणाली.”

“आणि झोळीतली?”

“...तिला दिली.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आत तिचा पाय उचलेना. हातात बॅटरी दिली, तशी सुनेच्या कागाळ्या सांगत चालली. बाहेर आलो तर ऊन उतरलेलं. तिची वाट कारवीच्या रानातली... परत मागायला तोंड उघडेना.”

केरबाने रिकामी झोळी काढून बाबांच्या पायाशी ठेवली. उद्याची मंडळी हातची गेली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बाबांनी स्वतःच्या झोळीत हात घातला. कडांना गंज चढलेली जुनी बॅटरी काढली, एकदा लावून पाहिली आणि केरबाच्या झोळीत टाकली.

“लवकर ऊठ. मंडळी उजाडताच येतील.”

“पण बाबा, तुमच्याजवळ एकच राहिली. ती विझली म्हणजे?”

बाबांनी झोळी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली. पिळलेला बंद सरळ केला...

“तू आहेस की.”